बीजगणिताची उजळणी: पदवीच्या वर्गात की वर्गाबाहेर?

वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला हमखास भेटणारे एक गणित आहे. एका वस्तूचे क्ष नग विकले तर नफा १२०क्ष − ३क्ष² − ५०० रुपये होतो. किती नग विकल्यास नफा सर्वाधिक होईल? विद्यार्थी अवकलज काढतो आणि १२० − ६क्ष = ० या ओळीपर्यंत बिनचूक येतो, कारण अवकलजाचा नियम त्याने पाठ केलेला असतो. पुढची ओळ मात्र शाळेत आठवीला शिकवलेली आहे. तिथे अनेक वह्यांत क्ष = १२० − ६, म्हणजे ११४, असे उत्तर सापडते. खरे उत्तर २० आहे. २० नगांवर ७०० रुपये नफा होतो, ११४ नगांवर त्याच सूत्राने २५,८०८ रुपये तोटा. ताळा करून पाहिला असता तर चूक लगेच कळली असती, पण ताळा करण्याची सवयही शाळेच्या वाटेवर कुठेतरी सुटलेली असते.

अशा विद्यार्थ्यांना महाविद्यालयाने पायाभूत बीजगणित पुन्हा शिकवावे का आणि शिकवायचे तर कुठे, कसे, हा प्रश्न जून-जुलैत प्रवेश झाले की दरवर्षी प्राध्यापकांच्या खोलीत निघतो आणि पहिली चाचणी उरकली की मागे पडतो. तो तसा मागे पडू नये इतका महत्त्वाचा आहे. त्यावर दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे पुष्कळ आहे.

विद्यार्थी या ठिकाणी येतो कसा, ते आधी पाहू. राज्य मंडळाच्या दहावीत बीजगणित ४० गुणांचे, भूमिती ४० गुणांची आणि २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. उत्तीर्ण होण्यासाठी हवेत एकूण ३५. अंतर्गत गुण आणि भूमिती यांच्या आधाराने बीजगणितात अगदी थोडे गुण असलेला विद्यार्थीही पुढे जाऊ शकतो. अकरावीला वाणिज्य शाखेत त्याच्यासमोर गणित किंवा चिटणिसाची कार्यपद्धती (एस. पी.) असा पर्याय येतो. गणिताची धास्ती घेतलेली मुले एस. पी. निवडतात. त्यात त्यांचे काही चुकत नाही, व्यवस्थेनेच तो पर्याय दिलेला आहे. मग दोन वर्षे समीकरणाशी गाठ पडत नाही. मुंबई विद्यापीठाच्या वाणिज्य पदवीच्या पहिल्या वर्षाला मात्र गणिती व संख्याशास्त्रीय तंत्रे हा विषय वर्षानुवर्षे होता. त्यात रेषीय प्रायोजन, व्याज व वार्षिकी, फलन आणि अवकलज एकदम समोर उभे राहत. दहावीनंतर थेट तंत्रनिकेतनात जाणाऱ्यांचा खंड पडत नाही, पण पहिल्याच सत्रात लॉगॅरिथम आणि निश्चयक आले की पाया किती पातळ आहे ते दिसते. अभियांत्रिकी पदवीच्या बाबतीत अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये बारावीच्या १४ विषयांपैकी कोणतेही तीन चालतील असा मार्ग खुला केला आणि उरलेली दरी भरण्यासाठी सेतू अभ्यासक्रमाची जबाबदारी विद्यापीठांवर टाकली.

आता उजळणीला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे. ते हलके नाही. पदवीच्या तासांवर पदवीचा हक्क आहे; आठवीचे गणित शिकवण्यात ते गेले तर ज्यांची तयारी चांगली आहे त्यांचे नुकसान होते. शाळेने न केलेले काम महाविद्यालय निमूटपणे अंगावर घेऊ लागले तर शाळेवरचा दबाव कमी होतो. शिवाय पाच वर्षांत जे जमले नाही ते ३० तासांत जमेल, हा विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा? त्याहून पुढचा आक्षेप अमेरिकी प्राध्यापक अँड्र्यू हॅकर यांनी २०१२ पासून जाहीरपणे मांडला आहे: बहुसंख्यांना बीजगणिताची गरजच पडत नाही, आणि त्याच्या सक्तीमुळे हुशार मुले शिक्षणाबाहेर फेकली जातात. आपल्याकडेही कला शाखेकडे जाणाऱ्यांसाठी दहावीचे गणित ऐच्छिक करता येईल का, अशी विचारणा २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने केली होती.

या वादात अमेरिकेचा अनुभव उपयोगी पडतो, कारण तिथे उजळणीचे वर्ग अनेक दशके आणि फार मोठ्या प्रमाणावर चालले. प्रवेशाच्या वेळी चाचणी घ्यायची, कच्च्या विद्यार्थ्याला एक-दोन सत्रे बिनश्रेयांकाच्या वर्गात बसवायचे आणि तो उत्तीर्ण झाला तरच पदवीचे गणित द्यायचे, अशी ती पद्धत होती. त्यातले असंख्य विद्यार्थी पदवीच्या गणितापर्यंत कधी पोहोचलेच नाहीत. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २०१३ मध्ये तीन महाविद्यालयांत एक नेटका प्रयोग केला. उजळणीची गरज असलेल्या ९०७ विद्यार्थ्यांचे यादृच्छिक पद्धतीने तीन गट पाडले. एकाला नेहमीचे पायाभूत बीजगणित दिले, दुसऱ्याला तेच बीजगणित आणि जोडीला आठवड्याची कार्यशाळा, तिसऱ्याला थेट पदवीचे संख्याशास्त्र आणि तशीच कार्यशाळा. पहिल्या गटात सुमारे ३९ टक्के उत्तीर्ण झाले, दुसऱ्यात ४५, तिसऱ्यात ५६. पुढे पदवी पूर्ण करण्यातही तिसरा गट आघाडीवर राहिला. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदा करून सामुदायिक महाविद्यालयांतील उजळणीची सक्ती जवळपास मोडीत काढली.

यावरून उजळणीच नको असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. न्यूयॉर्कचा प्रयोग नीट वाचला तर त्यातून दोन वेगळ्या गोष्टी निघतात. कार्यशाळेची जोड मिळाल्यावर बीजगणिताचा निकालही सुधारला, म्हणजे मदत निरुपयोगी नव्हती. आणि संख्याशास्त्र उत्तीर्ण झालेल्यांना बीजगणित येऊ लागले, असे तो प्रयोग म्हणत नाही. ते त्यांच्या वाटेत आडवे आले नाही, एवढेच. ज्याला पुढे अवकलज, वार्षिकी किंवा विद्युत मंडल शिकायचे आहे त्याला ही सवलत मिळत नाही. कॅलिफोर्नियातच, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेच्या २०२५ च्या अहवालाने सांगितले की, नव्याने प्रवेश घेणाऱ्या साधारण आठांपैकी एका विद्यार्थ्याची गणिताची तयारी माध्यमिक शाळेच्या पातळीखाली आहे आणि अशांची संख्या पाच वर्षांत सुमारे तीसपट झाली आहे. त्यामागे महासाथ आहे, प्रवेशपरीक्षा रद्द होणे आहे, शाळांतले फुगलेले गुणही आहेत. तेव्हा वर्ग बंद केल्याने दरी बुजत नाही आणि वर्गाला फाटकाचे रूप दिल्याने मुले फाटकाबाहेरच राहतात, हे दोन्ही अनुभव एकाच देशातून आपल्या हाती आहेत.

मला यातून उजळणी करावी, पण ती पदवीच्या विषयात गुंफून करावी, हाच मार्ग योग्य वाटतो. त्याचे मुख्य कारण चुकांच्या स्वरूपात आहे, म्हणून तिथे थोडे थांबायला हवे.

वरच्या गणितातले ११४ कुठून आले? 'बाजू बदलली की चिन्ह बदलते' हे वाक्य शाळेत सर्वांनी ऐकलेले असते. क्ष + ५ = १२ असेल तर ते चालते. ६क्ष = १२० मध्ये विद्यार्थी तेच वाक्य वापरतो: सहा पलीकडे नेले, चिन्ह बदलले, उत्तर ११४. काही जण भागाकार करतात पण चिन्हही बदलतात आणि −२० लिहितात. दोघांनीही नियम विसरलेला नाही. त्यांना नियमच अर्धा मिळाला आहे. समान चिन्हाच्या दोन्ही बाजूंची किंमत एकच आहे, म्हणून दोन्हींकडून सारखेच वजा केले किंवा दोन्हींना शून्याखेरीज एकाच संख्येने भागले तर समानता टिकते, हा आशय त्या वाक्यात कुठेच नाही. विद्यार्थ्याच्या मनात समान चिन्हाचा अर्थ 'आता उत्तर लिहा' एवढाच असतो. म्हणून ७ + २ = __ + ६ या रिकाम्या जागेत ९ लिहिले जाते. ही चूक जगभरच्या गणितशिक्षणाच्या संशोधनात अनेक दशके नोंदलेली आहे. अशा विद्यार्थ्याला त्याच प्रकारची आणखी ५० समीकरणे सोडवायला दिली तर अर्धा नियम पक्का होतो, दुसरे काही होत नाही.

दुसरी चूक (अ + ब)² = अ² + ब² ही. सूत्र फळ्यावर दहादा लिहिल्याने ती जात नाही. वाणिज्यच्या वर्गात तिला हात घालायचा तर चक्रवाढ व्याज हाताशी आहे. १,००० रुपये दसादशे १० टक्क्यांनी दोन वर्षे ठेवले तर (१ + ०.१)² म्हणजे १.२१ पट, म्हणजे १,२१० रुपये होतात. चुकीच्या सूत्राने ते १,०१० होतात. दोन वर्षांचे व्याज फक्त १० रुपये? वर्गातल्या कुणालाच हे पटत नाही, आणि न पटण्याच्या त्या क्षणी २अब हे पद कशासाठी आहे ते समजते. तिसरी चूक (क्ष + ३)/३ मधले 'तीनला तीन गेले' म्हणून उत्तर क्ष लिहिण्याची. क्ष च्या जागी ६ घालून पाहायला सांगावे: डावीकडे ३ येतात, उजवीकडे ६. अक्षर ही संख्येची जागा आहे, तिथे संख्या ठेवून आपले लिहिणे तपासता येते, हे ज्या दिवशी उमगते त्या दिवशी भीती निम्मी होते. शिक्षकाशिवाय स्वतःला तपासण्याचे साधन प्रथमच त्याच्या हाती येते.

मुळाशी आणखी एक थर आहे. 'असर' या शैक्षणिक अहवालाच्या २०२३ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १८ वयोगटातल्या केवळ ४३.३ टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे जमले. हीच मुले पदवीच्या उंबरठ्यावर येतात. बीजगणितातल्या कितीतरी चुका प्रत्यक्षात अपूर्णांकाच्या आणि ऋण संख्यांच्या असतात. म्हणून उजळणीची सुरुवात तिथून व्हायला हवी आणि त्यात कुणाला कमीपणा वाटण्याचे कारण नाही. ३० तासांत सगळे होणार नाही, हा आक्षेप मान्य करून निवड करावी: अपूर्णांक व ऋण संख्या, समानता व रेषीय समीकरण, सूत्रातली हवी ती राशी एकीकडे काढणे, कंस व वर्ग, रेषेचा आलेख. बहुपदींचे मसावि-लसावि आणि लांबलचक अवयव पाडणे सोडून द्यावे. ज्याला लागेल तो हा पाया घेऊन ते पुढे शिकेल.

जागेचा प्रश्न सुटण्यासारखा आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात पदवीच्या रचनेत खुले ऐच्छिक विषय आले आहेत आणि ते मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरून घ्यायचे आहेत. वाणिज्यच्या विद्यार्थ्याला गणित विभागाने दोन श्रेयांकांचा, म्हणजे ३० तासांचा असा विषय देणे या चौकटीत बसते. श्रेयांक असणे इथे फार महत्त्वाचे आहे. बिनश्रेयांकाचा सेतू अभ्यासक्रम म्हणजे पहिल्या पंधरवड्यात भरणारा आणि लोकल, नोकरी, क्लास यांच्या ओढाताणीत रिकामा होणारा वर्ग. ज्या मुलाला त्याची सर्वांत जास्त गरज आहे तोच पहिल्यांदा यायचा थांबतो. दुसरे, हा विषय मूळ विषयाच्या शेजारी, त्याच सत्रात चालावा. व्याजाचा धडा येण्याच्या आठवड्यात वर्ग आणि घात, रेषीय प्रायोजनाच्या आठवड्यात रेषेचा आलेख. लगेच उपयोगी पडणारी गोष्ट लक्षात राहते.

शिकवणार कोण, यावर मात्र मला काळजी वाटते. असे वर्ग बहुधा तासिका तत्त्वावरच्या सर्वांत नव्या शिक्षकाकडे जातात. चुकीच्या उत्तरामागचा विचार ओळखणे हे अवकलज शिकवण्यापेक्षा अवघड काम आहे. ते विभागातल्या अनुभवी प्राध्यापकाने करावे आणि त्याच्या कार्यभारात ते धरले जावे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना चल, सहगुणक, वर्गसमीकरण हे शब्द येत असतात आणि इंग्रजी शब्दांपाशी अडखळून त्यांना वाटते की आपल्याला गणितच येत नाही. पहिले काही तास दोन्ही भाषांत घेतले तर हा अडथळा सहज दूर होतो. वर्गाचे नावही विचारपूर्वक ठेवावे. 'कच्च्या मुलांचा वर्ग' ही ओळख एकदा चिकटली की चांगला अभ्यासक्रमही वाया जातो.

इतिहास, साहित्य, समाजशास्त्र शिकणाऱ्यांवर हे लादू नये, या मुद्द्यावर हॅकर यांचे म्हणणे मला पटते. त्यांना टक्केवारी, आलेख आणि सर्वेक्षणाचे आकडे वाचता येणे पुरे. पण त्यांच्यापैकी कुणाला उद्या अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात जायचे असेल, तर सतराव्या वर्षी सोडलेला विषय विसाव्या वर्षी पुन्हा हाती घेता यावा, एवढी वाट महाविद्यालयाने उघडी ठेवली पाहिजे. शाळांवरचा दबाव कमी होईल या भीतीला उत्तर असे की, महाविद्यालयांनी आपल्या वह्यांत दिसलेल्या चुका नोंदवून शाळांना आणि मंडळाला कळवाव्यात. आज तशी व्यवस्थाच नाही. शाळा सुधारेपर्यंत समोर बसलेल्या मुलाने थांबावे, असे कोणत्याही शिक्षकाला म्हणता येणार नाही.

अभ्यास मंडळांनी आणि प्राचार्यांनी येत्या वर्षासाठी निदान एवढे करावे: पहिल्या आठवड्यात अर्ध्या तासाची चाचणी घ्यावी, तिचे गुण कुठेही धरू नयेत, उत्तरे मात्र विभागातल्या सर्वांनी एकत्र बसून वाचावीत आणि त्यावरून त्याच सत्रात ३० तासांचा, दोन श्रेयांकांचा वर्ग सुरू करावा.