केणीच्या बंदरात आपलाही हिशेब

अंकोल्याजवळ केणीच्या किनाऱ्यावर मोठे बंदर होऊ घातले आहे. २०२३ साली ते काम जे.एस.डब्ल्यू. इन्फ्रास्ट्रक्चर कंपनीकडे देण्यात आले. क्षमता वर्षाला ३ कोटी टन. तेथील मच्छीमार २०२५ मध्ये विरोधासाठी रस्त्यावर उतरले. आपल्या हुबळीत मात्र चर्चा एवढीच, की व्यापार वाढेल, प्लॉटला भाव येईल.

व्यापार आम्हांलाही हवा आहे. बँकेच्या काउंटरवर वीस वर्षे काढलेल्यांनी उद्योगाला नाके मुरडू नयेत. पण कर्जाचा अर्ज आला की आम्ही आधी तारण काय ते पाहतो. येथे तारण दुसऱ्याचे आहे. किनारा त्यांचा, होड्या त्यांच्या. भाव वाढणार तो आपल्या प्लॉटचा!

जवळचेच बेळेकेरी बंदर वाचकांना आठवत असेल. बळ्ळारी-होसपेटचे लोहखनिज आपल्या हुबळी-यल्लापूर रस्त्यानेच ट्रकमागून ट्रक तेथे जात होते. धूळ आपणही खाल्ली. २०१० साली तेथे जप्त केलेल्या खनिजापैकी लाखो टन माल जप्तीत असतानाच परदेशी रवाना झाला. तेव्हा बंदर कागदावर जिल्ह्याचे असले तरी त्याची शेपटी घाट चढून आपल्या दारापर्यंत येते.

आता हुबळी-अंकोला रेल्वे पाहा. १९९७-९८ साली मंजूर झालेली, सुमारे १६५ किलोमीटरची ही लाइन घाटातल्या जंगलापाशी अडून आहे. बंदर झाले की तिचा आग्रह वाढणारच. तरी बंदराची फाइल एका टेबलावर, रेल्वेची दुसऱ्या. जनसुनावणीही प्रकल्पाच्या जिल्ह्यातच. आमचे म्हणणे असे, की बंदर, रेल्वे आणि रस्ता यांचा एकच अहवाल व्हावा, सुनावणी अंकोल्याबरोबर हुबळीतही व्हावी, आणि 'नको' हे उत्तरही तेथे ग्राह्य धरावे.

तसे उत्तर पूर्वी मिळालेले आहे. गोकर्णाला जाताना आपण पाहतो त्या तदडीला, अघनाशिनीच्या मुखाशी, ४,००० मेगावॅटचा औष्णिक वीज प्रकल्प येणार होता. लोकांच्या विरोधामुळे तो बारगळला. तीच खाडी जानेवारी २०२४ मध्ये रामसर यादीत गेली, आपल्या शेजारच्या गदगच्या मागडी तलावासोबत. तेथे चिखलातून तिसऱ्या काढणाऱ्या बायकांचा धंदा आजही चालू आहे. तो कोणत्या प्रकल्प अहवालात जमेला धरला असता?

मंडळाच्या पुढील बैठकीत हा विषय घेऊन राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला पत्र पाठवावे, अशी कार्यकारिणीला आमची विनंती आहे. मसुदा आम्ही करून देऊ.