सही करण्याआधी

मोहल्ल्याच्या ग्रुपवर अधूनमधून एक फॉरवर्ड येतोच: ‘आपल्या मुलांवर औषधांचे प्रयोग चाललेत, लस देऊ नका.’ पूर्वी मी तो पूर्ण न वाचताच डिलीट करायचो. इंजिनिअरिंग शिकल्याचा तोरा, दुसरं काय! मग नायजेरियातल्या कानोची हकिकत वाचली आणि तोरा थोडा उतरला.

१९९६ साली कानोत मेनिंजायटिसची भयंकर साथ होती. फायझर कंपनीने तिथल्या २०० आजारी मुलांवर चाचणी केली. निम्म्यांना ट्रोव्हान हे नवं अँटिबायोटिक, निम्म्यांना आधीपासून वापरात असलेलं औषध. दोन्ही गट मिळून ११ मुलं दगावली. मृत्यू आजाराने झाले, असं कंपनीचं म्हणणं. आईबापांचं म्हणणं वेगळं होतं: हा प्रयोग आहे हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. २००९ मध्ये कंपनीने कानो राज्याशी साडेसात कोटी डॉलर्सची तडजोड केली.

पण त्याआधीच, २००३ मध्ये, उत्तर नायजेरियातल्या मुस्लिमबहुल राज्यांनी पोलिओची लस थांबवली होती. लसीने वंध्यत्व येतं ही अफवा, आणि तिच्या पाठीशी ट्रोव्हानची आठवण. कानोने सर्वांत जास्त ताणलं. शेवटी इंडोनेशियात, म्हणजे मुस्लिम देशात, बनलेली लस आणली तेव्हा डोस सुरू झाले. तोवर तिथला विषाणू सरहद्दी ओलांडून निघाला होता, आणि २००५ मध्ये त्याच इंडोनेशियात पोलिओ परत आला. संशयाला कारण होतं, हे मी नाकारत नाही. पण पाय गेले ते मुलांचे, कंपनीचे नाहीत.

म्हणून चाचण्याच नकोत, असं म्हणणाऱ्यांना एक दुसरी चाचणी सांगावीशी वाटते. तीव्र तापाने खालावलेल्या मुलाला शिरेतून भराभर सलाइन द्यायचं, ही श्रीमंत देशांतल्या अतिदक्षता विभागांतून आलेली रीत. केनिया, युगांडा आणि टांझानियातल्या ३,१४१ मुलांवर ती प्रथमच नीट तपासली गेली. २०११ साली निकाल आला. भराभर सलाइन मिळालेल्यांपैकी ४८ तासांत सुमारे साडेदहा टक्के मुलं दगावली, न मिळालेल्यांपैकी ७.३ टक्के. चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. आमच्या धंद्यात ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ हा विनोद आहे. औषधाच्या बाबतीत तो विनोद राहत नाही. आपल्या कुपोषणाचा, आपल्या मलेरियाचा, व्हेंटिलेटर नसलेल्या आपल्या इस्पितळांचा हिशेब आपल्याकडेच चाचणी केल्याशिवाय लागणार नाही.

अब्बांच्या हर्नियाच्या ऑपरेशनआधी एका रुग्णालयात आमच्यासमोर सहा पानांचा इंग्रजी कागद आला. ‘इथे सही करा.’ मी विचारलं तेव्हा कळलं, ऑपरेशननंतर जखम चिघळण्याबद्दलचा अभ्यास आहे. एक तरुण डॉक्टर मग खुर्ची ओढून बसले आणि दहा मिनिटं हिंदीत समजावत राहिले. अब्बांनी एकच प्रश्न केला, “मी नाही म्हटलं तर ऑपरेशन होईल ना?” “होईल, चाचा.” अब्बांनी सही केली. मी विचारलं नसतं तर ती दहा मिनिटं मिळाली नसती, आणि बाजूच्या खाटेवरच्या माणसाला ती मिळाली की नाही, हे मी पाहिलं नाही. ते अजून खुपतं.

कायदा आपल्या बाजूने आहे. २०१९ च्या नियमांनुसार औषधाच्या चाचणीत इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई मिळते. २००९ पासून प्रत्येक औषध चाचणीची सरकारी नोंदवहीत नोंद सक्तीची आहे, आणि ती नोंदवही कुणीही मोबाइलवर मोफत चाळू शकतो. चाचणीला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीचे निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे असावे लागतात. त्यात एक सामान्य नागरिक असतो. एका जागेसाठी तर समाजशास्त्रज्ञ, स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी किंवा धर्मशास्त्राचा जाणकारही चालतो.

२०२२ मध्ये गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवराची साथ आली, गोवंडीत मुलं गेली. तेव्हा आपण आरोग्यसेविकांना दारातून परत पाठवण्यावर वाद घातला. या समित्यांवर आपलं कोण बसतं, हे मात्र कुणी विचारलं नाही. माझ्या शहरातल्या समित्यांची नावं मी गोळा करतो आहे. तुमच्या शहरातली तुम्ही पाठवा.