कडू ग्लास कुणापुढे ठेवायचा?

गेल्या महिन्यात पुण्यातल्या एका मायक्रोब्रुअरीत गेले होते. म्हणजे जिथे बिअर तिथल्या तिथेच, स्टीलच्या टाक्यांमध्ये बनवतात आणि विकतात. बरोबर कॉलेजपासूनची मैत्रीण आणि तिचा नवरा. मैत्रीण सध्या बिअर पारखायचं रीतसर शिकते आहे. मी तिथली सगळ्यात कडक आणि कडू बिअर मागवली, 'डबल आयपीए'. तिच्या नवऱ्याने गव्हाची, हलकी. वेटरने न विचारता कडू ग्लास त्याच्यापुढे ठेवला आणि गव्हाचा माझ्यापुढे. 'मॅडम, ही लाइट आहे,' असं हसून सांगितलंही. आम्ही ग्लास बदलून घेतले. गोष्ट क्षुल्लक, पण डोक्यातून गेली नाही.

मैत्रिणीने परीक्षकांचा तक्ता काढला. अमेरिकेत 1985 साली सुरू झालेल्या बीजेसीपी या परीक्षक-संस्थेची पद्धत अशी: एकूण 50 गुण. वासाला 12, रूपाला 3, चवीला 20, तोंडातल्या जाणिवेला 5, एकूण परिणामाला 10. रूपाला फक्त तीनच गुण, हे मला फार आवडलं! (बायकांच्या बाबतीत कुणी अशी विभागणी केली तर?)

आधी वास घ्यायचा. पपनसाची साल, कच्चा आंबा, देवदाराच्या लाकडाची राळ. हा सगळा हॉप्सचा प्रताप. ही एका वेलीची फुलं, आणि बिअरमध्ये वापरतात ती फक्त मादी वेलीची. त्यांतल्या पिवळ्या भुकटीत कडूपणाही असतो आणि सुगंधी तेलंही. उकळताना घातली की कडूपणा उतरतो, नंतर थंड बिअरमध्ये घातली की वास टिकतो. बिअर जुनी झाली की हा वास आधी जातो आणि ओल्या पुठ्ठ्यासारखं काहीतरी येतं. आमची बिअर ताजी होती.

मग घोट. कडू चव आपल्याला काही नवीन नाही. कारलं, मेथी, पाडव्याचा कडुनिंब. पण पारखायचं ते कडूपणा किती हे नाही, तो कसा जातो हे. स्वच्छ कडूपणा जिभेवर रेंगाळतो आणि विरतो. इथे तो घशात खरबरीत चिकटून राहिला, साल जास्त पडलेल्या मुरांब्यासारखा. शिवाय मद्यार्काची जळजळ जाणवत होती. चांगल्या डबल आयपीएत ती लपलेली असावी लागते. मी 33 गुण दिले, मैत्रिणीने 31. तिचा नवरा म्हणाला, 'भारी आहे, चढेल.' त्याने गुण दिले नाहीत.

ही बिअर पहिल्यांदा केली ती 1994 मध्ये, कॅलिफोर्नियातल्या टेमेक्युला गावी, विनी सिलुर्झो यांनी, असं सर्वसाधारणपणे मानतात. त्यांनीच सांगितलेलं कारण मजेशीर आहे. यंत्रसामग्री जुनीपुराणी होती, काही दोष राहिले तर झाकले जावेत म्हणून त्यांनी हॉप्स दामदुप्पट घातले. म्हणूनच पारखणाऱ्याने कडूपणाच्या खाली काय आहे ते बघायचं.

हॉप्सच्या खाली आणखीही एक गोष्ट दडली आहे. इंग्लंडमध्ये चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत एल बनवणं हा मुख्यतः बायकांचा धंदा होता. हॉप्स नसलेली एल काही दिवसांत आंबट व्हायची, म्हणून घरच्या घरी थोडी करायची, उरलेली शेजारी विकायची. हॉप्सने पेय टिकतं, हे जर्मनीतल्या हिल्डेगार्ड या मठवासिनीने बाराव्या शतकातच लिहून ठेवलं होतं. पण टिकतं म्हणजे साठवता येतं, लांब पाठवता येतं. त्याला मोठी भांडी, भांडवल, कर्ज, परवाने लागतात. ते बायकांना कोण देणार? 1600 पर्यंत धंदा पुरुषांकडे गेला होता. ज्युडिथ बेनेट या इतिहासकार स्त्रीने 1996 च्या आपल्या पुस्तकात हे सविस्तर मांडलं आहे. मादी फुलाने बायकांना धंद्याबाहेर काढलं असं मी म्हणणार नाही. भांडवलाने काढलं, फूल निमित्त झालं.

आणि आजच्या या 'नव्या विचारांच्या' धंद्यात? मे 2021 मध्ये अमेरिकेतल्या ब्रिएन ॲलन या बिअर बनवणाऱ्या स्त्रीने इन्स्टाग्रामवर एवढंच विचारलं, की कामाच्या ठिकाणी तुम्हाला बाई म्हणून काय काय सोसावं लागलं? अनुभवांचा पूर आला. छळ, बळजबरी, आणि 'तुला यातलं काय कळतं' हे तर रोजचंच. माझा ग्लास सरकवणारा वेटर या रांगेतला अगदी शेवटचा, गरीब माणूस. त्याच्यावर माझा राग नाही.

हे सगळं ऑफिसात सांगितलं तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी ताई म्हणाल्या, 'हे लिहू नकोस. वस्तीतल्या बायकांना काय तोंड दाखवणार?' त्यांचा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. 'आडवी बाटली'च्या मतदानासाठी आम्ही दोघींनी दारोदार हिंडून बायकांना बाहेर काढलं आहे. बिल आलं तेव्हा माझ्याही पोटात कालवलं. तेवढ्यात वस्तीतल्या एका घरचा आठवड्याचा बाजार झाला असता. आणि हिशेब करा: साडेसात टक्क्यांच्या अर्धा लिटर बिअरमध्ये साडेसदतीस मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो. व्हिस्कीच्या 60 मिलीच्या पेगमध्ये सुमारे 26. 'बिअरच तर आहे' हे खोटं आहे. दारूने स्तनांच्या कॅन्सरचा धोका वाढतो, हेही खरं आहे. म्हणून परीक्षक छोट्या पेल्यातून थोडीच घेतात. मीही अर्धा ग्लास तसाच ठेवला.

पण ताईंना माझा प्रश्न असा आहे. आपला विरोध कशाला आहे? घरी येऊन मारणाऱ्या हाताला, मजुरी गिळणाऱ्या गुत्त्याला, हप्ते खाणाऱ्या यंत्रणेला, की बाईच्या जिभेला? 24 जानेवारी 2009 ला मंगळूरच्या पबमध्ये मुलींना मारहाण झाली तेव्हा आपल्यातल्याही काहीजणी 'पण त्या तिथे गेल्या कशाला?' असं कुजबुजल्या होत्या. दारूविरोधी लढ्याची भाषा त्या मारणाऱ्यांच्या भाषेशी जुळायला लागली, तर तिथे थांबून बघायला नको का?

वस्तीत मी हे शेवटी सांगितलंच. तोंड दाखवलं. बहुतेकजणी हसल्या, एकीने विचारलं, 'पैसे देऊन कडू कशाला प्यायचं?' एक आजी मात्र गंभीरपणे ऐकत होत्या. लग्नाआधी माहेरी त्या मोहाची दारू गाळायच्या. पहिल्या धारेचे थेंब चुलीत टाकायचे, ज्वाळ कशी उठते ते बघायचं, मग बोट बुडवून जिभेला लावायचं. 'आमच्या घरात ते मला एकटीलाच कळायचं,' आजी म्हणाल्या. त्यांच्या कौशल्याची नोंद माझ्या केस-पेपरमध्ये नव्हती. एमएसडब्ल्यूला दारू मी 'व्यसनाधीनता' या एकाच मथळ्याखाली शिकले, त्यामुळे तो प्रश्नच मला कधी सुचला नाही. 'नवरा पितो का? मारतो का?' एवढे दोन रकाने होते, ते मी भरले होते.

ताईंचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही. पुढच्या अंकात उत्तर लिहायचं त्यांनी कबूल केलं आहे. तोवर तुम्हीही लिहा, विशेषतः गावागावांत आडव्या बाटलीसाठी लढणाऱ्या मैत्रिणींनी.