हौसेचे मोल आणि अर्ध्याचा अपमान

पुण्यातील मॅरेथॉन १९८३पासूनची आहे. परंतु चाळिशीतल्या कारकुनाने, डॉक्टराने, गृहिणीने स्वतः पैसे भरून छातीवर क्रमांक लावावा आणि एकवीस किलोमीटर धावावे, ही प्रथा आपल्याकडे खऱ्या अर्थाने रुजली ती मुंबईत २००४ साली मॅरेथॉन सुरू झाल्यानंतर. या प्रथेबरोबर मराठीत एक लेखनप्रकारही रुजला. 'माझी पहिली हाफ मॅरेथॉन' या किंवा अशा शीर्षकाचा लेख वाचला नाही असा मराठी वाचक आता विरळाच. सुरुवातीला वाढलेले पोट किंवा डॉक्टरांचा अहवाल, मग पहाटेचा गजर, मग सतराव्या किलोमीटरला असहकार पुकारणारे पाय व त्यांच्यावर मात करणारे मन, शेवटी अंतिम रेषा, डोळ्यांत पाणी, गळ्यात पदक आणि 'स्वतःला जिंकल्याची' ग्वाही. लेखक बदलतो, गाव बदलते, साचा बदलत नाही.

हा साचा निव्वळ कंटाळवाणा असता तर त्याविरुद्ध लिहिण्याचे कारण नव्हते. कंटाळवाणे लेखन मराठीला नवे नाही. आमचा आक्षेप अधिक गंभीर आहे. या साच्याने हौशी धावण्याच्या अनुभवाचा खोटा अर्थ लावला आहे, आणि तो खोटा अर्थ आता धावणाऱ्यांच्या पायांत शिरला आहे.

मुळात मॅरेथॉन ही कथेतून जन्मलेली शर्यत. हिरोडोटसच्या इतिहासात अथेन्सचा दूत धावतो तो स्पार्टाकडे, मदत मागण्यासाठी. मॅरेथॉनच्या रणांगणावरून धावत येऊन विजयाची वार्ता सांगून कोसळणारा वीर कित्येक शतकांनंतरच्या लेखकांत भेटतो. या कथेवरून १८९६च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये शर्यत ठेवावी ही सूचना केली मिशेल ब्रेआल यांनी, आणि हे गृहस्थ खेळाडू नव्हेत, भाषाशास्त्रज्ञ होते. शब्दार्थविज्ञानाला 'सेमांतिक' हे नाव देणारे. ती पहिली शर्यत जिंकणारा स्पिरिडॉन लुईस पाणी वाहून पोट भरणारा माणूस होता. अंतर सुमारे चाळीस किलोमीटर; ४२.१९५ हा आकडा १९०८च्या लंडन ऑलिंपिकमधला, आणि तो प्रमाण ठरला १९२१मध्ये. म्हणजे ज्या अंतराला आपण मानवी सहनशक्तीची जणू निसर्गदत्त सीमा मानतो, ते एका भाषापंडिताची कल्पना आणि एका शहराच्या रस्त्यांची सोय यांतून सिद्ध झाले आहे.

अर्धमॅरेथॉनला यातले काहीच नाही. तिला दंतकथा नाही, मरून पडणारा वीर नाही, ऑलिंपिकमध्ये तिला कधी जागा मिळालेली नाही. तिची स्वतंत्र जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही १९९२ची, म्हणजे अगदी अलीकडची. २१.०९७५ किलोमीटर हा आकडा दुसऱ्या आकड्याला दोनाने भागून आलेला. आमच्या मते हेच तिचे भाग्य आहे. जिच्यावर पुराणकथेचे ओझे नाही अशी ही शर्यत सामान्य माणसाला आपल्या मापाने धावता आली असती. परंतु आपण त्या मेलेल्या वीराला उचलून आणले आणि अर्ध्या अंतरावरही तोच प्रवेश पुन्हा पुन्हा वठवू लागलो.

'अर्ध' या उपसर्गाने घोटाळा वाढवला आहे. मराठीत अर्धवट, अर्धाकच्चा, अर्धमेला या शब्दांच्या रांगेत हा शब्द जाऊन बसतो, आणि मग धावणाऱ्याला पहिला प्रश्न येतो, "पूर्ण कधी?" वास्तविक शरीराच्या दृष्टीने ही दोन अंतरे एकाच गोष्टीचा निम्मा व पूर्ण भाग नव्हेत. स्नायू व यकृत यांत साठलेली साखर साधारण तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येते. धावणारे ज्याला 'भिंत' म्हणतात ती तिथे उभी असते. अर्धमॅरेथॉन त्या भिंतीच्या बऱ्याच अलीकडे संपते. दहा-बारा आठवडे नेमाने सराव केलेल्या, प्रकृतीची तपासणी करून घेतलेल्या प्रौढ माणसाला हे अंतर अडीच-तीन तासांत झेपू शकते. त्यातला बहुतेक सराव बोलता बोलता धावता येईल इतक्या संथ गतीने करायचा असतो. यात नाट्य फारसे नाही. नेम आहे, पुनरावृत्ती आहे, आणि पुनरावृत्तीतून हळूहळू येणारी शरीराची समज आहे. नेमके हेच त्या लेखांत नसते, कारण पुनरावृत्तीला कथानक नसते.

त्याऐवजी काय असते? 'शरीर थकते, मन थकत नाही' हे सुभाषित. हे वाक्य आम्हांला धोक्याचे वाटते. त्यात शरीर हा शत्रू किंवा आळशी नोकर आहे आणि मन हा त्याच्यावर आसूड उगारणारा मुकादम. साताऱ्याची डोंगरी अर्धमॅरेथॉन २०१२पासून होते. तिच्यात यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचे आणि तोच घाट उतरून यायचे. चढावर दम लागतो तो सर्वांना दिसतो. खरी परीक्षा उतारावर असते. तिथे प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच आकसून देहाचा भार पेलत असतात. अशा वेळी गुडघा काही सांगत असेल तर ते ऐकणे ही धावण्याच्या कलेतली पायरी आहे. छातीत दुखणे, भोवळ येणे, घाम येऊनही अंगावर काटा येणे या गोष्टी मनोबलाने जिंकायच्या नसतात. तिथे थांबायचे असते. पण ज्या लेखनप्रकारात अठराव्या किलोमीटरला शहाणपणाने थांबलेल्या माणसाला लेख लिहिण्याचाच अधिकार नाही, तो लेखनप्रकार थांबण्याला भ्याडपणा ठरवतो. कथा चुकीची असेल तर तिची किंमत वाचकाच्या हृदयाला मोजावी लागू शकते.

यावर एक ठरीव उत्तर येते: मॅरेथॉन ही आधुनिक वारी आहे, तीत श्रद्धा महत्त्वाची. ही उपमा तपासल्याविना वापरली जाते. आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या वारकऱ्याच्या पायाला वेळ मोजणारी चकती बांधलेली नसते. तो कितवा आला हे कोणी विचारीत नाही, आणि गेल्या वर्षीपेक्षा किती मिनिटे आधी पोचला हे तो स्वतःही सांगत नाही. दिंडीत पुढे जाणे हे यश नव्हे. सोबत चालणे हा तिचा धर्म आहे. शर्यतीत मोजमाप असते व ते असावे, त्यात कमीपणा नाही. मात्र मोजमापाच्या खेळाला भक्तीचे वस्त्र नेसवणे हा दोन्हींचा अवमान आहे.

आता 'हौशी' या शब्दाकडे वळू. 'अ‍ॅमॅच्युअर' या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधले 'प्रेम करणे' हे क्रियापद आहे. आपला 'हौस' अरबी 'हवस'पासून फारसीमार्गे आला आणि येताना त्यातला विखार गळून आनंद उरला. शब्द सुंदर आहेत. त्यांचा इतिहास तितका सुंदर नाही. इंग्लंडमध्ये १८६०च्या दशकात हौशी खेळाडूची व्याख्या करताना कारागीर व मजूर यांना वगळण्यात आले होते. ती अट १८८०मध्ये धावण्याच्या क्षेत्रातून गेली, परंतु फुरसत ज्याची त्याचीच हौस हे सूत्र अद्याप गेलेले नाही. पहाटे साडेचारला एकटीने रस्त्यावर धावता येणे ही कोणत्या स्त्रीला मिळणारी मुभा आहे, याचा विचार 'इच्छा असेल तर कोणीही धावू शकतो' हे वाक्य लिहिणाऱ्याने करावा.

याच संदर्भात लता करे यांचे उदाहरण पुन्हा पुन्हा दिले जाते. बारामतीत ज्येष्ठ नागरिकांच्या तीन किलोमीटरच्या शर्यतीत त्या नऊवारीत, अनवाणी धावल्या व जिंकल्या; २०२०मध्ये त्यांच्यावर मराठी चित्रपट आला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. त्या धावल्या पतीच्या वैद्यकीय तपासण्यांसाठी बक्षिसाचे पैसे हवे होते म्हणून. ही हौस नव्हती. ज्या समाजात साठी ओलांडलेल्या बाईला औषधोपचारासाठी शर्यत जिंकावी लागते, त्या समाजाने त्या धावण्यातून 'प्रेरणा' घेऊन मोकळे व्हावे, यासारखा सोयीस्कर वाचनाचा दुसरा नमुना नाही. गरज आणि हौस यांतला भेद पुसला की गरज गोड वाटू लागते आणि हौस उगाचच उदात्त.

याचा अर्थ हौशी धावणाऱ्यांची टवाळी करणाऱ्यांच्या पंगतीला आम्ही बसतो असा नव्हे. 'पैसे भरून पळायचे, तेही शेवटून पाचशेव्या क्रमांकासाठी' हा कट्ट्यावरचा विनोद त्याच साच्याची उलटी बाजू आहे. त्यालाही जिंकण्याखेरीज दुसरे मूल्य माहीत नाही. याच महाराष्ट्रात हौशी रंगभूमी नावाची परंपरा आहे. १९७२ साली 'घाशीराम कोतवाल' रंगमंचावर आणणाऱ्यांत वैद्यकीय पेशातले जब्बार पटेल व मोहन आगाशे होते. नाटक त्यांच्या चरितार्थाचे साधन नव्हते, म्हणून ते कमअस्सल ठरले नाही. आणि तालमीला जाऊन त्यांनी स्वतःवर विजय मिळवला असेही कोणी म्हटले नाही. त्यांना नाटक करायचे होते, त्यांनी ते नीट केले. तालीम हा त्या हौसेचा कणा होता.

हौसेला मोल नसते, असे आपण म्हणतो. खर्चाचा हिशेब मागू नये, एवढाच त्याचा अर्थ नाही. पदक, प्रेरणा, आत्मविजय असे कोणतेही फळ दाखवून हौसेचे समर्थन करण्याची गरज नाही, असाही त्याचा अर्थ आहे. तेव्हा अर्धमॅरेथॉन धावणाऱ्यांनी जरूर लिहावे. सरावाविषयी लिहावे, उताराविषयी लिहावे, सोबत धावणाऱ्यांविषयी लिहावे, आणि मध्येच थांबून घरी परतलेल्या रविवाराविषयीही लिहावे. तसा एखादा लेख आला तर तो पूर्ण लेख असेल, त्यातले अंतर अर्धेच का असेना.