हंगामाआधी सीमॉसचा सेल बदला

सोमेश्वरनगर, माळेगाव, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर या पट्ट्यात साखर कारखान्यांचे बॉयलर पेटायचे दिवस जवळ आले, की बारामती-इंदापूरच्या दुरुस्तीवाल्यांकडे एकाच तक्रारीची मशीन येऊ लागतात. सुरू करताच ‘सीमॉस चेकसम एरर’, एफ१ दाबल्याशिवाय पुढे जात नाही, तारीख कित्येक वर्षे मागे. हंगामभर निमूट चाललेले मशीन नेमके आताच का अडते, याचे कारण भिंतीवरच्या बटणात आहे. प्लग चालू असेल तर शटडाऊननंतरही एसएमपीएसचा ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा बोर्डावरचे घड्याळ चालवतो. सेलवर भार जवळजवळ पडत नाही. हंगाम संपला की वजनकाट्याच्या केबिनमधली, गट ऑफिसातली मशीन बटण बंद करून झाकली जातात आणि पुढचे सहा-सात महिने सगळा भार त्या एका सीआर २०३२ वर येतो. ३ व्होल्ट आणि साधारण २२० मिलिअँपिअर-तास, एवढीच त्याची शिदोरी. घड्याळाला काही मायक्रोअँपिअरच लागतात म्हणून ती वर्षानुवर्षे पुरते. पण आधीच जुना झालेला सेल पत्र्याखालचा उन्हाळा सोसत नाही.

यावर आपल्यापैकी बरेच जण एफ१ दाबून तारीख बसवून देतात आणि पुढच्या कामाला लागतात. ही सवय सोडलीच पाहिजे. १९६६ च्या ऊस (नियंत्रण) आदेशानुसार ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. शेतकऱ्याच्या हातात पुरावा म्हणून असते ती वजन पावती, आणि पावतीवरची तारीख मशीनच्या घड्याळातून येत असेल तर? रात्री वीज गेली, पहाटे ऑपरेटरने घाईत एफ१ दाबला, की त्या पाळीच्या साऱ्या पावत्या चुकीच्या तारखेच्या निघतील. सेवा केंद्रातही तेच. तारीख मागे गेली की ब्राउझर संकेतस्थळाचे प्रमाणपत्र नाकारतो, डिजिटल सही अडते, आणि बोल इंटरनेटला लागतो.

अर्थात दर वेळी दोष सेलचाच असतो असे नाही. प्लग चालू असताना, नुसत्या रीस्टार्टनंतर सेटिंग जात असतील तर सेल बदलून गिऱ्हाइकाकडून पैसे घेऊ नका. जंपर ‘क्लिअर’वर राहिलाय का, बायोसची चिप ठीक आहे का, ते पाहा. नवा सेल काही आठवड्यांतच उतरला तर बोर्डावर गळती आहे असे समजा. बगॅसची धूळ आणि पावसाळी ओल एकत्र आली की असे होते. मल्टिमीटरवर फार विसंबू नका. लिथियमचा सेल शेवटपर्यंत ३ व्होल्टच्या आसपास दाखवतो आणि मग एकदम कोसळतो. पाच वर्षे झाली असतील तर आकडा न बघता बदला. नव्या यूईएफआय बोर्डांवर बरीच सेटिंग फ्लॅश चिपमध्ये राहतात, त्यामुळे सेल मेला तरी कधी फक्त घड्याळच जाते. सेटिंग शाबूत म्हणून सेल चांगला, असे धरू नका.

हे काम सेल जिवंत असतानाच करण्यात शहाणपण आहे, कारण तेव्हा बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढता येतो. सेल मेल्यावर साटाचा मोड बदलला की विंडोज निळ्या पडद्यावर थांबते. जुना मोड माहीत नसल्याने चांगली हार्डडिस्क फॉरमॅट केली जाते आणि काट्याची मागची नोंद जाते. हे नुकसान सेलच्या किमतीच्या कितीतरी पट आहे. सिरियल पोर्टची मांडणी नोंदवा, काट्याचा इंडिकेटर त्यावरच बोलतो. बिटलॉकर असेल तर रिकव्हरी की आधी मागून घ्या. सीआर २०२५ हाताशी आहे म्हणून बसवू नका. व्होल्ट तेच असले तरी जाडी ३.२ ऐवजी २.५ मिलिमीटर, तो खाचेत सैल बसतो.

बदलल्याची तारीख कॅबिनेटच्या आत चिकटवा. आणि काढलेला सेल टेबलावर ठेवू नका, दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून बंद डब्यात टाका. उतरलेला सेलही लहान मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते.