अथेन्समधील भारतीयाची समाधी

विश्रांतवाडीतील एका निवृत्त दांपत्याची शिखरजी, गिरनार, श्रवणबेळगोळ ही वंदना यापूर्वीच झाली होती. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसानिमित्त मुलांनी परदेशप्रवासाचा आग्रह धरला, तेव्हा उभयतांनी ग्रीसची निवड केली. या निवडीमागे श्रावकांचे एक खास कारण होते. दोन हजार वर्षांपूर्वी अथेन्स नगरीत एका भारतीय साधूची समाधी होती आणि त्याचे नाव ‘श्रमणाचार्य’ या शब्दाचे ग्रीक रूप असावे, असे त्यांनी वाचले होते. परतल्यावर रविवारच्या स्वाध्यायात याविषयी बोलण्याचा शब्द त्यांनी निघण्यापूर्वीच दिला. मंदिराच्या फलकावर विषय झळकलाही : ‘अथेन्समधील जैन मुनी’. श्राविकेला ही घाई रुचली नव्हती. परंतु प्रवासाच्या तोंडावर वाद नको, म्हणून त्या काही बोलल्या नाहीत.

भोजनाची चिंता मोठी होती, ती मात्र लवकर मिटली. जूनमध्ये अथेन्सला सूर्यास्त पावणेनऊच्या सुमारास होतो. रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्याला दिवस पुरून उरतो. तेथील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती वर्षातील अनेक दिवस मांस, अंडी व दूधदुभते वर्ज्य करतात. अशा उपवासाच्या अन्नाला ‘निस्तीसिमो’ म्हणतात आणि हा शब्द उच्चारला की खानावळवाल्याला पुष्कळसे उमगते. तथापि केवळ या शब्दावर विसंबू नये. त्यांच्या उपवासाला कोळंबी आणि कालवे चालतात, कांदा-लसणाचा तर प्रश्नच नाही. उकडलेला रानपाला, वर लिंबू, पाव आणि घरून नेलेले मेतकूट यांवर दांपत्याचे बरे भागले.

अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात एका दालनाच्या दाराशीच श्राविका थबकल्या. समोर सुनियोन येथे सापडलेली, इ. स. पूर्व ६००च्या सुमाराची, तीन मीटरहून उंच संगमरवरी युवकमूर्ती उभी होती. देह नग्न, दृष्टी समोर, दोन्ही हात बाजूंना सोडलेले. त्यांचे हात नकळत जोडले गेले. आजूबाजूचे प्रवासी पाहू लागले, तसे श्रावक संकोचले. “अगं, ही आपली मूर्ती नव्हे,” ते हळूच म्हणाले.

त्या जवळ गेल्या आणि बराच वेळ पाहत राहिल्या. डावे पाऊल पुढे टाकलेले होते, मुठी आवळलेल्या होत्या, हात मांड्यांना टेकलेले होते. गोमटेश्वराची पावले सम असतात, बोटे सैल सुटलेली असतात. तेथे निघण्याची तयारी नसते, इथे ती प्रत्येक स्नायूत होती. अशा मूर्तींना ग्रीक भाषेत ‘कूरोस’, म्हणजे तरुण, म्हणतात. काही देवस्थानांना अर्पण केलेल्या, काही थडग्यांवर उभारलेल्या. त्याच संग्रहालयात १.९४ मीटर उंचीचा क्रोइसोस आहे, इ. स. पूर्व ५३०च्या सुमाराचा. हा तरुण युद्धात आघाडीवर पडला, जाणाऱ्याने थडग्यापाशी थांबून शोक करावा, असे त्याच्या बैठकीवरील लेख सांगतो. बाहुबलींनी उगारलेला हात आवरला आणि मग ते उभे राहिले; हा लढताना पडला आणि मागे राहिलेल्यांनी त्याला दगडात उभे केले. “मग हात जोडले ते चुकले का?” श्राविकेने विचारले. श्रावकांनी मान हलवली आणि क्रोइसोसपुढे तेही क्षणभर उभे राहिले.

अक्रोपोलिसवर त्यांचे मन तितकेसे रमले नाही. पार्थेनॉनचे सौंदर्य वादातीत आहे. पण त्याच्या शिल्पपट्टातच बळी देण्यासाठी नेली जाणारी गुरे कोरलेली आहेत आणि एकदा ती दिसली की दृष्टी दुसरीकडे वळत नाही.

मिकोनोसहून बोटीने डेलोस बेटावर गेल्यावर मात्र वेगळेच काही हाती लागले. या बेटावर अपोलोची एक वेदी अशी होती, की तिच्यावर अग्नीविना केवळ गहू, जव आणि पोळ्या अर्पण करीत. पायथागोरस त्या एकाच वेदीला वंदन करी, अशी परंपरा प्राचीन लेखकांनी नोंदवली आहे. त्याच्याच परंपरेला मानणाऱ्या पॉर्फिरी या तत्त्वज्ञाने इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात मांसाहारत्यागावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तोही पुन्हा मांसाकडे वळलेल्या एका मित्राला समजावण्यासाठी. आणखी एक गंमत अशी, की इ. स. पूर्व ४२६मध्ये अथेन्सवासीयांनी डेलोसवर जन्म आणि मृत्यू या दोहोंना बंदी घातली. आसन्नमरण माणसे आणि प्रसूतीला आलेल्या स्त्रिया शेजारच्या बेटावर नेत. “बेट बदलून जन्ममरण टळले असते, तर इतक्या तपाची गरज काय?” हे ऐकून श्राविकेला हसू आवरेना.

खरा वाद त्याच रात्री झाला. श्रावकांनी स्ट्रॅबो या भूगोलकाराचा उतारा वाचून दाखवला. ऑगस्टस या रोमन सम्राटाकडे एक भारतीय शिष्टमंडळ निघाले होते. दमास्कसच्या निकोलाओसला त्यातील हयात असलेले तिघे अँटिओकजवळ भेटले. त्याच शिष्टमंडळाबरोबरच्या एका भारतीयाने इ. स. पूर्व २०च्या सुमारास अथेन्समध्ये, अंगाला तेल लावून, केवळ लंगोटीनिशी, हसत चितेवर उडी घेतली. समाधीवर त्याचे नाव ‘झार्मानोखेगास’ व गाव ‘बार्गोसा’ असे कोरले होते. पुढे प्लुटार्कच्या काळीही ‘भारतीयाची समाधी’ लोक दाखवीत. बार्गोसा म्हणजे भडोच आणि भडोच तर मुनिसुव्रतनाथांचे प्राचीन तीर्थ. पैठण आणि तेरचा माल वीस-तीस दिवसांची वाट चालून तेथेच उतरत असे.

“अहो, चितेवर उडी घेतली ना?” श्राविकेचा प्रश्न एवढाच होता. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात अग्निपात लोकमूढतेत गणला आहे. अग्निकायिक जीवांची विराधना टाळणारा मुनी स्वतःसाठी चिता कशी पेटवील? सल्लेखना आहार हळूहळू कमी करीत, गुरूंच्या अनुज्ञेने, कषाय शमवीत होते.  ‘श्रमण’ शब्द बौद्ध आणि आजीवकही वापरत, आणि भडोचहून निघालेला प्रत्येक जण जैन कसा? श्रावकांनी थोडा प्रतिवाद केला. मग फलकाची आठवण झाली आणि ते बराच वेळ बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते जुन्या अथेन्समध्ये हिंडले. ती समाधी कोठे होती, हे आज कोणालाच दाखवता येत नाही.

पुण्यास परतल्यावर श्रावकांनी जवळच्याच गोष्टी पुन्हा वाचल्या. विश्रांतवाडीहून येरवड्याकडे जाताना लागणाऱ्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकळिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी मावळातील पाले येथील ब्राह्मी लेख उजेडात आणला. त्याचा आरंभ अर्हंतांच्या नमनाने होतो. इंद्ररक्षिताने लेणे व पाण्याची पोढी करविल्याची नोंद त्यात आहे. महाराष्ट्रातील हा सर्वांत जुना जैन लेख मानला जातो. तेथून फार दूर नसलेल्या कार्ल्याच्या बौद्ध चैत्यात धेनुकाकट येथील यवनांनी दिलेले स्तंभ उभे आहेत. यवन इकडे आले, येथील लोक तिकडे गेले. नोंदी दोन्हीकडे आहेत आणि त्यांत जेवढे आहे तेवढेच आहे.

रविवारी व्याख्यानापूर्वी श्रावकांनी ओल्या फडक्याने फलकावरील ‘जैन मुनी’ ही अक्षरे पुसली आणि तेथे ‘एक भारतीय’ असे लिहिले. मंडळातील एक ज्येष्ठ सदस्य चष्मा सावरत म्हणाले, “तो आपला नव्हता, तर मग ऐकायचे काय?” श्राविकेने त्यांच्यासाठी पुढच्या रांगेत सतरंजी सरकवली. श्रावक त्या दिवशी सव्वा तास बोलले.