दिवा विझला म्हणजे काय समजावे?



नोकरीच्या सुरुवातीला एका गावी पावसाची नोंदवही तपासायला गेलो होतो. ऐन आषाढातले ओळीने चार दिवस वहीत शून्य! शिवारात मात्र बांध फुटलेले. चौकशीत कळले की पर्जन्यमापक वाचणारा गडी सोयरिकीला गेला होता. सकाळी साडेआठला पाणी मोजायला कोणी नव्हते, आणि परत आल्यावर त्याने रिकाम्या रकान्यांत शून्ये भरून टाकली. पाऊस पडला नाही आणि पाऊस मोजला नाही, या दोन गोष्टी त्या वहीत एकच होऊन बसल्या.

ही गोष्ट आठवली ती मोबाइलमुळे. २०२१ पासून पीक पाहणी मोबाइलवर आली. अडल्या बाईसाठी १०८ ची गाडी बोलवायची तर तीही फोनवरच. म्हणून नेटवर्क मोजणाऱ्या यंत्रांची भाषा आपल्याला समजायला हवी.

अशा मोजणी यंत्राला प्रोब म्हणतात. अ‍ॅमस्टरडॅमच्या एका संस्थेने २०१० पासून ‘राइप अ‍ॅटलस’ नावाने अशा लहान पेट्या जगभर लोकांच्या घरी ठेवल्या आहेत. पेटी दूरच्या यंत्राला सारखी हाक मारते आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते नोंदवते. तिच्या नावापुढे ‘जोडलेली’ किंवा ‘तुटलेली’ असे लिहून येते. इथेच माणूस फसतो. ‘तुटलेली’ म्हणजे त्या भागातले नेटवर्क बंद, असे नव्हे. वीज गेली असेल, उंदराने वायर कुरतडली असेल, घरधन्याने पोरांच्या अभ्यासासाठी प्लग काढला असेल. उलट ‘जोडलेली’ म्हणजे नेटवर्क उत्तम असेही नाही. पेटी जागी आहे, एवढाच त्याचा अर्थ. एक पेटी तुटली तर पेटी पाहावी. आसपासच्या दहा पेट्या एकाच वेळी गप्प झाल्या तर मात्र वीज किंवा लाइन गेली असे धरावे.

आपल्या खिशातला फोनही असाच एक प्रोब. त्यावरच्या काड्या मनोरा ते फोन एवढेच सांगतात. मनोऱ्याची पुढची लाइन तुटली असेल तर काड्या भरलेल्या दिसतात आणि फोन काही लागत नाही. ‘फक्त आपत्कालीन कॉल’ अशी अक्षरे आली तर बहुधा आपल्या कंपनीचा मनोरा नाही, पण दुसऱ्या कोणाचा तरी ऐकू येतो आहे. अशा वेळी ११२ लावून पाहावा. हे घरातल्या बायकांना आणि पोरांना जरूर सांगून ठेवा.

आता आपल्या अक्कलकुवा तालुक्यातले मणिबेली घ्या. राज्यातले पहिले मतदान केंद्र इथले. सरदार सरोवराच्या पाण्याचा पहिला फटका बसला तोही १९९० च्या दशकाच्या आरंभी याच गावाला. नर्मदेचा काठ, पलीकडे गुजरात, मागे सातपुड्याच्या सोंडा. अशा डोंगरात एका पाड्यावर दोन काड्या दिसाव्यात आणि वळणापलीकडे एकही नसावी, यात नवल नाही. जिथे मोजणारेच कोणी नाही तिथे कागद कोरा राहतो, आणि कोऱ्या कागदाला कचेरीत कोणी तक्रार म्हणत नाही. केंद्राने जुलै २०२२ मध्ये नेटवर्क न पोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी रुपयांची ४जी योजना मंजूर केली खरी. पण मनोरा उभा राहिला म्हणजे पाड्यावर फोन लागला, असे मी तरी धरणार नाही.

दूरसंचार नियामकाच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला आपले नेटवर्क कुठे पोचते त्याचा नकाशा संकेतस्थळावर द्यावा लागतो. तालुक्याला जाणाऱ्या शिकल्या पोराकडून तो उघडून घ्या आणि आपला पाडा रंगवला आहे का ते पाहा. मग पंधरा दिवस एक वही ठेवा. तारीख, वेळ, उभे राहिलो ती जागा, कंपनी, काड्या किती, फोन लागला की नाही, आणि वीज होती का. शेवटचा रकाना विसरू नका, नाहीतर दोष कोणाचा ते ठरत नाही. फोन पाहिलाच नाही त्या दिवशी शून्य लिहू नका, ‘पाहिले नाही’ असे लिहा.

नकाशात रंग आणि वहीत ‘लागला नाही’ असे निघाले तर कंपनीकडे तक्रार करून तिचा क्रमांक वहीतच टिपा. दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येते. नकाशातच गाव कोरे असेल तर वही ग्रामसभेपुढे ठेवून ठराव करून घ्या.